बुचाचा वास

२०२२ च्या नोव्हेंबरातली गोष्ट. एका क्लायंटकडचं माझं दोन वर्षांचं काम नुकतंच संपलं होतं. तिथल्या संचालकांनी एकदा लिफ्टमध्ये मला विचारलं, "तुला वाईन आवडते ना?" लिफ्टमध्ये माणसाला फारसं काही सुचत नाही. मी म्हणालो, "हो, खूप!" त्या एका 'खूप'चं फळ म्हणजे पंधरा दिवसांनी आलेलं जेवणाचं आमंत्रण. लंडनच्या सेंट जेम्स भागातली जुनी इमारत, लाकडी भिंतींची खोली, बारा माणसं. टाय आवश्यक.

हे नुसतं जेवण नव्हतं, 'व्हर्टिकल टेस्टिंग' होतं. हा शब्द ज्यांना नवा असेल त्यांनी संकोचू नये, मलाही तो त्याच आठवड्यात गूगलने शिकवला. एकाच मळ्याची, एकाच नावाची वाईन, पण वेगवेगळ्या सालांची, ओळीने मांडून चाखायची. जमीन तीच, द्राक्षाच्या जाती त्याच, बनवणारं घराणंही बहुधा तेच. बदलतं ते फक्त त्या सालचं हवामान आणि बाटलीत काढलेली वर्षं. फ्रान्समधल्या बोर्दो शहराच्या वरच्या अंगाला मेदॉक नावाचा पट्टा आहे. तिथल्या एका नावाजलेल्या 'शातो'ची १९८२, १९८६, १९९०, १९९६, २००० आणि २००३ अशी सहा सालं त्या रात्री टेबलावर होती. प्रत्येकापुढे सहा ग्लास, एक छापील तक्ता, एक टोकदार पेन्सिल आणि थुंकायला एक चकचकीत भांडं. आमच्या गावी पान खाणाऱ्या म्हाताऱ्यांजवळ असायची तिला पिकदाणी म्हणत. इथे ती वापरायला शिकावं लागतं, एवढाच फरक.

मी वाईनमधला तज्ज्ञ नाही. पण द्राक्षातला अगदीच अडाणीही नाही. तासगावच्या द्राक्षबागेत माझं बालपण गेलं. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, डाऊनी आली की वेळीअवेळी औषधाचा पंप, घडांची विरळणी, हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. त्यामुळे 'साल' या शब्दाचा अर्थ मला त्या टेबलावरच्या इतरांपेक्षा थोडा वेगळा माहीत होता. त्याबद्दल पुढे.

पहिले दोन ग्लास छान गेले. शेजारचे गृहस्थ सीडरचं लाकूड, तंबाखू, पेन्सिलीचं शिसं असले वास एकामागून एक सांगत होते. आणि खरं सांगतो, त्यांनी 'पेन्सिलीचं शिसं' म्हटल्यावर मला तो वास खरोखरच आला. शाळेत पेन्सिलीला टोक काढल्यावर यायचा तोच.

मग १९९० चा ग्लास आला. यजमानांचं हे लाडकं साल. त्याच वर्षी त्यांचा मुलगा जन्मला होता आणि ही बाटली त्यांनी स्वतः वीस वर्षं तळघरात जपली होती. मी ग्लास नाकाशी नेला आणि थेट तासगावच्या घराच्या माळ्यावर जाऊन पोचलो. जुलै महिना, ओल धरलेली गोणपाटं आणि बेदाण्याची भिजलेली पुठ्ठ्याची खोकी. कोंदट. त्या वासाखाली वाईन जणू तोंड मिटून बसली होती, फळाचा गंधच नाही. मी पुन्हा हुंगलं. पुन्हा माळा.

वर पाहिलं तर सगळे माना डोलवत होते. "किती संयमी!" कुणीतरी म्हणालं. "अजून उमलायची आहे," दुसरं कुणी. "ही जुन्या वळणाची नजाकत," तिसरं. यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "व्हेरी एलिगंट." आणि तक्त्यावर वीसपैकी साडेसतरा गुण मांडले.

पाच-सात मिनिटांनी दार उघडून बारावे पाहुणे आले. त्यांची गाडी वाटेत अडकली होती. सत्तरीचे, निवृत्त सर्जन. ओला कोट काढून त्यांनी सगळ्यांची माफी मागितली, बसले, आणि त्यांच्या हाताला लागला तो नेमका तिसरा ग्लास. एकदाच हुंगून त्यांनी तो खाली ठेवला आणि यजमानांना अगदी मृदूपणे म्हणाले, "माफ कर, पण ही कॉर्क्ड आहे."

कॉर्क्ड म्हणजे बूच बाधलेली. बूच हे झाडाच्या सालीपासून करतात. कधीकधी त्या सालीत बुरशीमुळे ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल नावाचं एक रसायन तयार होतं, आणि लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढ्यानेही उत्तम वाईनीचा ओला पुठ्ठा होतो. प्रकृतीला अपाय काही नाही. मळेवाल्याचा दोष नाही, जपणाऱ्याचा तर नाहीच. नशिबाचा भाग.

यजमानांनी पुन्हा हुंगलं. "अरे, खरंच की!" आणि मग अर्ध्या मिनिटात टेबलाचा रंग पालटला. "मलाही शंका आली होती." "मी म्हणणारच होतो." आणि मी? मीही म्हणालो, "मलाही तसंच वाटलं होतं."

गंमत बघा. हे वाक्य बोलणाऱ्या त्या मंडळींत निदान माझं वाक्य तरी शंभर टक्के खरं होतं. पण सात मिनिटं उशिरा बोललेलं खरं आणि सरळ खोटं, यांत बाहेरून काहीच फरक दिसत नाही. यजमानांनी हसतहसत त्याच सालाची दुसरी बाटली उघडायला सांगितली, ती सुरेख निघाली, सर्जनसाहेबांचे सगळ्यांनी आभार मानले. निघताना यजमानांनी मला २००३ ची एक बाटली भेटही दिली. ती मांडीवर घेऊन शेवटच्या गाडीने घरी येताना मी एकच विचार करत होतो. मी खोटं का बोललो?

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचा काय बाऊ! वाईनच्या चवीबद्दल कोण खरं बोलतं? आणि हे म्हणणं अगदीच चुकीचं नाही. २००१ साली बोर्दो विद्यापीठात फ्रेदेरिक ब्रोशे नावाच्या संशोधकाने वाईनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांपुढे एक पांढरी वाईन ठेवली, एकदा साधी आणि एकदा चव नसलेला लाल रंग घालून. लाल दिसल्यावर त्याच वाईनला मंडळींनी लाल वाईनीची विशेषणं लावली. २००८ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी एकच वाईन दोन किमती सांगून पाजली. महाग म्हणून दिलेली जास्त आवडलीच, पण मेंदूच्या स्कॅनमध्येही सुखाशी संबंधित भाग जास्त उजळला. म्हणजे ती माणसं ढोंग करत नव्हती. त्यांना किंमत खरोखरच चविष्ट लागत होती.

आणि किंमत तरी काय? मेदॉकच्या वाईनींची जी प्रतवारी आजही बाटल्यांवर मिरवते, ती १८५५ सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनासाठी दलालांनी केलेली आहे, आणि तिचा आधार होता बाजारभाव. त्यानंतर तिच्यात म्हणण्याजोगा बदल एकच झाला, १९७३ साली मूताँ रोत्शील्डला वरच्या वर्गात बढती मिळाली तो. १९७६ साली पॅरिसमध्ये स्टीव्हन स्पर्रियर या इंग्रज व्यापाऱ्याने फ्रेंच परीक्षकांना लेबलं झाकून फ्रान्सच्या आणि कॅलिफोर्नियाच्या वाईनी चाखायला दिल्या. लाल आणि पांढऱ्या दोन्हींत कॅलिफोर्निया पहिली आली. लेबल झाकलं की जीभ वेगळंच बोलायला लागते.

आपण हसायचं कारण नाही. एप्रिल-मेमध्ये साउथॉलहून किंवा वेंब्लीहून आंब्याची पेटी आणतो, तेव्हा झाकणावर 'देवगड' लिहिलेलं असलं की आपलाही मेंदू असाच उजळत असणार. कर्नाटकातला आंबा देवगडच्या खोक्यात भरून विकतात ही तक्रार कोकणातले बागायतदार वर्षानुवर्षं करताहेत. २०१४ साली युरोपने आपल्या आंब्यावर बंदी घातली तेव्हा इथे किती उसासे टाकले होते आपण! त्यातले किती उसासे देवगडसाठी होते आणि किती खोक्यासाठी, कोण जाणे.

पण त्या रात्रीच्या माझ्या प्रकरणाला हे उत्तर लागू पडत नाही. लेबल, साल, किंमत, यजमानांच्या मुलाचा जन्म, शेजाऱ्यांची विशेषणं, सगळं मला 'आवडून घे' म्हणून ढकलत होतं. आणि एवढ्या रेट्यातही माझं नाक ठामपणे सांगत होतं, गोणपाट! नाक फसलं नाही. फसवलं ते तोंडाने.

डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्ववेत्त्याने १७५७ साली रुचीच्या निकषावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्याने 'डॉन किहोते' मधला एक किस्सा घेतला आहे. सांचो पांझाच्या दोन नातेवाइकांना एका पिंपातली वाईन चाखायला देतात. चांगली म्हणून ती नावाजलेली. एक जण चाखून म्हणतो, उत्तम आहे, पण किंचित चामड्याची चव येते. दुसरा म्हणतो, उत्तम आहे, पण किंचित लोखंडाची. लोक दोघांची टिंगल करतात. पुढे पिंप रिकामं होतं तेव्हा तळाशी एक जुनी किल्ली सापडते, चामड्याच्या वादीला बांधलेली.

ह्यूमला यातून एवढंच दाखवायचं होतं की सूक्ष्म रुची ही खरी गोष्ट आहे, नुसती थाप नव्हे. मग तो खऱ्या परीक्षकाची लक्षणं सांगतो. तरल संवेदना हवी, सराव हवा, तुलना केलेली हवी, पूर्वग्रह नसावा, विवेकबुद्धी असावी. यादी चोख आहे. गाण्याच्या मैफिलीत पुढे बसणाऱ्या आपल्याकडच्या जुन्या दर्दी श्रोत्यांनाही ती तंतोतंत लागू पडेल. पण मला त्या किश्शात वेगळंच दिसतं. ते दोघे नातेवाईक बोलले! लोक हसत असताना बोलले. किल्ली तेव्हा कुणी पाहिलेली नव्हती, पुढे ती सापडेल याची खात्री त्यांनाही नव्हती. समजा ते गप्प बसले असते, तर त्यांची जीभ तितकीच सूक्ष्म राहिली असती आणि तिचा उपयोग शून्य झाला असता. ह्यूमच्या यादीत धैर्याचा उल्लेख नाही. बहुधा त्याच्या वर्तुळात त्याची गरज पडत नसावी.

यावर आमच्या सौ.चं म्हणणं असं, की हा धैर्याचा प्रश्नच नाही, रीतीचा आहे. लोकांकडे जेवायला गेल्यावर आमटीत मीठ जास्त झालं असलं तरी "छान झालंय" म्हणायचं असतं. हे मला मान्य आहे. मीही ते म्हणतो आणि म्हणत राहणार. पण त्यात माझा डोळा यजमानीणबाईंच्या चेहऱ्यावर असतो, स्वतःच्या अब्रूवर नसतो. त्या रात्री मी यजमानांना जपत नव्हतो. मला भीती होती की माझं चुकलं तर? हाच जर १९९० चा खरा वास असला तर? अकरा जणांना नजाकत दिसते आहे आणि मला गोणपाट, म्हणजे गोणपाट माझ्यातच आहे! कितीही टाय बांधला तरी शेवटी तासगावचा तो तासगावचाच, असं कुणी म्हणणार नव्हतं. पण मीच म्हणत होतो. सर्जनसाहेबांना ही भीती नव्हती. शिवाय ते उशिरा आल्यामुळे त्यांनी आमची स्तुती ऐकलेली नव्हती, हेही विसरू नये. आणि त्यांच्या खरं बोलण्याने यजमान दुखावले नाहीत, उलट सुटल्यासारखे दिसले. म्हणजे रीत पाळली ती त्यांनीच.

हीच गोष्ट मी ऑफिसातही केलेली आहे. कुठल्या ते सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मोठ्या प्रोजेक्टमध्ये जुन्या सिस्टीममधला डेटा नव्यात हलवायचा होता. शेवटच्या रंगीत तालमीत दोन्हीकडचे आकडे जुळत नव्हते. फरक छोटा होता, पण कारण कळत नव्हतं. आढावा बैठकीत एकेकाने आपापल्या भागाचा रंग सांगितला. हिरवा, हिरवा, हिरवा. माझी पाळी आली तेव्हा मीही म्हणालो, हिरवा. मी तिथे नवा होतो. पुढचा शनिवार-रविवार आम्ही चाळीस माणसांनी ऑफिसात काढला आणि सोमवारी जुनी सिस्टीमच परत चालू केली. नंतरच्या बैठकीत बहुतेकांना 'शंका आली होती'च.

आता आण्णांकडे वळतो. कारण त्या रात्री गाडीत मला आठवत होते ते आण्णाच.

आण्णा, म्हणजे माझे वडील, माळकरी आहेत. जन्मापासून नव्हे. त्यांचे मोठे भाऊ, आमचे थोरले आबा, यांच्यासारखी काडी छाटणारा हात गावात नव्हता, असं अजूनही लोक सांगतात. आबा हातभट्टीच्या पायी एक्केचाळिसाव्या वर्षी गेले. मी तेव्हा दुसरीत होतो. त्याच वर्षी आण्णांनी पंढरपुरात माळ घातली.

महाराष्ट्र सरकारने २००१ साली वाईन उद्योगासाठी धोरण आणलं. नाशिककडे विंचूरला आणि आमच्याकडे पलूसला वाईन पार्क निघाले. गावोगाव माणसं फिरू लागली, वाईनची द्राक्षं लावा, भाव बांधून देतो. आमच्या शेजारच्या बागेचे मालक तयार झाले. आण्णा नाही म्हणाले. त्यांचा तो संवाद मी अंगणात बसून ऐकला आहे. शेजारी म्हणाले, "आरं, तुझं बेदाणं कुणाच्या चखण्याला जात्यात ते इच्यारलंस का कधी?" बिनतोड होतं. आण्णा जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "जात आसतील. पर मी ते बेदाणं म्हणून इकतो."

मी नुकताच इंजिनिअर झालो होतो. मला ते उत्तर अगदी कच्चं वाटलं. आज वाटत नाही. जगातल्या सगळ्या परिणामांचा हिशेब आपल्या नावावर कुणी मांडू शकत नाही, पण आपल्या हातून जाताना वस्तूचं नाव काय होतं, एवढं तर सांगता यावं. पुढे २००८-०९ च्या मंदीत वाईनची मागणी बसली, कारखान्यांनी माल उचलला नाही, अनेक शेतकऱ्यांनी लावलेल्या बागा उपटल्या. शेजाऱ्यांनीही उपटली. गाव आण्णांना दूरदृष्टीचा माणूस म्हणू लागलं. आण्णा म्हणत, "मला काय ठावं हुतं? मी नुसतं नगं म्हणलं." फुकट मिळणारं श्रेयही त्यांनी घेतलं नाही. मी असतो तर घेतलं असतं, "मलाही तसंच वाटलं होतं" म्हणून!

जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांतून वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, त्यावर केवढा गदारोळ झाला ते तुम्हाला आठवत असेल. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. वाईन म्हणजे दारू नव्हे, त्याने शेतकऱ्याचं भलं होईल, असा दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद होता. फोनवर आमच्या आण्णांना मी विचारलं तर म्हणाले, "थोरला आबा पण पयल्यांदा म्हणला हुता, ही दारू न्हाई, आवशद हाय." मी विषय बदलला.

विषय बदलायला मला कारण होतं. आई-आण्णा इकडे यायचे म्हटले की आमच्या घरात एक छोटं स्थलांतर होतं. जेवणघरातल्या मांडणीवरच्या बाटल्या गॅरेजमध्ये जातात, गणपतीच्या मखराच्या खोक्यामागे. तुमच्यापैकी कुणाकुणाकडे असं होतं, हात वर करा, असं मी म्हणणार नाही. आणि याला आपण सगळे 'मोठ्यांचा मान' म्हणतो. तो मान थोडाफार असतोही. पण आमटीच्या मिठाची कसोटी इथे लावली तर? मी आण्णांना जपत होतो, की आण्णांच्या नजरेतल्या स्वतःला?

इथे एक पळवाट मला फार दिवस पुरली. आबा प्यायचे ते व्यसन, आम्ही चाखतो ती संस्कृती. एकीकडे हातभट्टी, दुसरीकडे सीडर आणि तंबाखू. पण हे फार सोयीचं आहे. गडकऱ्यांचं 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आलं. त्यातला सुधाकर काही अडाणी नव्हता, वकील होता, आणि त्याची सुरुवात तहानेने झाली नाही, दुखावलेल्या मानाने झाली. शिकलेला माणूस बेताने पितो, हा समज त्या नाटकाने शंभर वर्षांपूर्वीच मोडला आहे. इथल्या आरोग्य खात्याची मर्यादा २०१६ पासून आठवड्याला १४ युनिट आहे. लाल वाईनच्या एका बाटलीत साधारण दहा असतात. शुक्रवारी-शनिवारी आपल्या मित्रमंडळींत किती बाटल्या रिकाम्या होतात, ते ज्याने त्याने मोजावं. मोजताना सीडरचा वास उपयोगी पडत नाही. मी वाईन सोडलेली नाही. सोडावी असंही म्हणत नाही. पण आबांपेक्षा मी वेगळा आहे तो चोखंदळपणामुळे, हे मला आता पटत नाही. पगार, घर, डॉक्टर, आणि पुष्कळसं नशीब, यांमुळे आहे.

२०२३ ची आषाढी करून आई-आण्णा जुलैत आमच्याकडे आले. आमच्या मागच्या बागेत मी हौसेने एक द्राक्षाचा वेल लावला आहे. तो लाकडी मांडवावर वेडावाकडा पसरला होता. आण्णांना ते बघवेना. तिसऱ्या दिवशी मी कामावर असताना ते कात्री शोधायला गॅरेजमध्ये गेले. संध्याकाळी मी आलो तेव्हा कात्री बाकावर होती आणि मखराचं खोकं एक वीत पुढे सरकलेलं होतं.

दोन दिवस ते काही बोलले नाहीत. मीही नाही. रविवारी सकाळी शिडीवर चढून ते वेलाची पानं विरळ करत होते. मी खाली उभा. मध्येच त्यांनी विचारलं, "त्या बाटलीवर २००३ लिवलंय. ते काय, साल?"

मी म्हणालो, "व्हय. द्राक्षं तोडली ते साल."

मग मला बरंच बोलावं लागलं. ते द्राक्ष केवढं बारीक असतं, साल जाड, आत बिया. आमच्याकडचा निर्यातीचा व्यापारी १८ मिलिमीटरचा मणी मागतो, तो असल्या घडाला हात लावणार नाही, हे ऐकून त्यांना बरं वाटलं. वर्षातून एकदाच छाटणी, तीही थंडीत. बाटलीमागे सव्वा किलोच्या आसपास द्राक्षं. किंमत विचारली तेव्हा मी खरी सांगितली, दीडशे पौंड. आण्णांनी मनात हिशेब केला. बेदाण्याचा त्या वर्षीचा आमचा भाव किलोला दीडशेच्या आसपास होता. म्हणजे शंभर किलो बेदाणा. म्हणजे चारशे किलो द्राक्षं. ते काही म्हणाले नाहीत.

२००३ च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये उष्णतेची भयंकर लाट आली होती, हजारो माणसं दगावली, द्राक्षं फार लवकर तोडावी लागली, म्हणून त्या सालाची चव वेगळी मानतात, असं मी सांगू लागलो आणि थांबलो. त्याच साली आमच्याकडे दुष्काळ होता. टँकरने पाणी आणून आम्ही बाग जगवली. रात्री दोन वाजता पाइप धरून उभा राहणारा मीच होतो. पुढच्या वर्षी जमिनीवर कर्ज काढून आण्णांनी मला एम.एस्सी.साठी मँचेस्टरला पाठवलं. त्या जेवणात २००३ च्या ग्लासावर वीस मिनिटं चर्चा झाली. ते साल मऊ आहे की नाही, यावर.

"मग, कशी लागती?" आण्णांनी विचारलं.

मी सीडर म्हणणार होतो. त्याऐवजी त्या रात्रीची सगळी गोष्टच सांगितली. लिफ्टपासून. १९९० चा ग्लास, गोणपाटाचा वास, माळा, अकरा माणसं, साडेसतरा गुण, उशिरा आलेले डॉक्टर, आणि नंतर मी काय म्हणालो ते. आण्णा शिडीवरच टेकून ऐकत होते. सगळं झाल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"गोणपाटाचा वास आल्याव थुकलास का गिळलास?"

भांडं तर पुढ्यातच होतं. मी म्हणालो, "गिळली."

त्यांनी कात्रीला लागलेला चीक धोतराला पुसला, वर मांडवाकडे पाहिलं आणि म्हणाले, "शिडी धर."